रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकाचा पाया



झेरॉक्स-डीटीपीचे दुकान असो, फोटो स्टुडिओ असो की शिकवणीचा क्लास, आता छोट्या धंद्यातही दोन-तीन संगणक असतात. एकावरची फाईल दुसऱ्यावर न्यायची तर पेनड्राईव्ह. तो हरवला की गिऱ्हाईकाचे काम गेले, आणि गिऱ्हाईकही गेले. यावर उपाय म्हणजे सर्वांच्या फाईली एका जागी सांभाळणारा, चोवीस तास चालू राहणारा एक संगणक. त्यालाच सर्व्हर म्हणतात. तो केवळ मोठ्या कंपन्यांनीच ठेवावा असे काही नाही. सुटे भाग आणून तो जोडता येतो.

या जोडणीचा पाया म्हणजे मदरबोर्ड. मेमरी आणि डिस्क पुढे वाढवता येतात. पण किती वाढवता येतील, हे मदरबोर्डच ठरवतो. दुकानदार वेग सांगेल, रंगीत दिवे दाखवील. ते खेळ खेळणाऱ्यांसाठी आहे. आपण मात्र पुढील पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट विजेची. सतत चालणारा एक वॅट वर्षभरात सुमारे पावणेनऊ युनिट खातो. म्हणजे २० वॅटच्या यंत्राला वर्षाला १७५ युनिट लागतात, तर ८० वॅटच्या यंत्राला ७००. फरक ५२५ युनिटचा. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने सर्व्हर बोर्ड स्वस्तात मिळतात, पण त्यांतले बरेच वीज भरपूर खातात. घेताना वाचलेले पैसे दर महिन्याच्या बिलातून निघून जातात. याउलट इंटेलचा २०२३ साली आलेला एन१०० हा प्रोसेसर अवघ्या ६ वॅटच्या वर्गातला आहे. तो बोर्डावरच बसवलेला येतो. डिस्क व एसएमपीएस धरून एकूण वीज अर्थातच जास्त लागते, आणि हा प्रोसेसर पुढे बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट डिस्क जोडण्याच्या जागांची. त्यांना साटा पोर्ट म्हणतात. एन१००च्या काही बोर्डांवर असे पोर्ट एक किंवा दोनच असतात. दुकानाच्या हिशेबाला तेवढे पुरतील. फोटो स्टुडिओला चार तरी हवेत. आणखी एक खोच आहे. कित्येक बोर्डांवर एम-डॉट-टू जागेत डिस्क बसवली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. हे खोक्यावर लिहिलेले नसते, माहितीपुस्तिकेत असते. विकत घेण्यापूर्वी ती वाचा.

तिसरी गोष्ट मेमरीची. मेमरीत क्वचित एखादा बिट आपोआप उलटतो आणि फाईल नकळत बिघडते. ईसीसी जातीची मेमरी ६४ बिटांच्या जोडीला ८ तपासणीचे बिट ठेवते व अशी एका बिटाची चूक जागीच दुरुस्त करते. मात्र त्यासाठी बोर्ड आणि प्रोसेसर दोघांचीही तयारी लागते. एएमडीच्या एएम-४ जातीच्या बऱ्याच बोर्डांवर ती चालते. पण त्यातले नावापुढे ‘जी’ असलेले साधे प्रोसेसर तिला साथ देत नाहीत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू-६८०सारखा महाग बोर्ड लागतो. डीडीआर-५ मेमरीत आतल्या आत दुरुस्ती होते, म्हणून ती ईसीसीच आहे असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दोन्ही वेगळ्या आहेत. पैसे अपुरे असतील तर साधी मेमरी घ्या आणि उरलेल्या पैशांत नक्कल ठेवायला एक जादा डिस्क घ्या. ते अधिक शहाणपणाचे.

चौथी गोष्ट वीज जाण्याची. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय बायोसमध्ये असते. तिचे नाव ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम असते. ती आहे ना, हे विचारा. यूपीएस मात्र हवाच.

पाचवी गोष्ट रेडची. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याची सोय बोर्डातच आहे, असे दुकानदार अभिमानाने सांगेल. तिच्यावर विसंबू नका. बोर्ड जळाला, तर तसाच बोर्ड शोधत फिरावे लागू शकते. तेच काम लिनक्समधील मोफत प्रणालीने केले, तर डिस्क दुसऱ्या कोणत्याही साध्या बोर्डाला जोडून माहिती परत मिळते.

घेताना पक्के बिल घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या. प्रोसेसरच्या सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नका. सॉकेटमधल्या पिना नाजूक असतात आणि वॉरंटीत बोर्ड परत देताना ते झाकण मागतात.

थोडक्यात, दोन-तीन संगणकांच्या दुकानाला एन१००चा छोटा बोर्ड पुरेसा आहे. फोटो, व्हिडिओचे काम वाढणार असेल, तर मेमरीच्या चार जागा आणि चार साटा पोर्ट असलेला मध्यम आकाराचा बोर्ड घ्या. महागडा बोर्ड घेतल्याने माहिती सुरक्षित होत नाही. ती होते दुसऱ्या जागी ठेवलेल्या नकलेने. अनेक घरांत असे यंत्र हप्त्यावर किंवा बचत गटाच्या कर्जातून येते. तेव्हा हप्ता फिटल्यावरही ते बरीच वर्षे घराला हातभार लावील, असेच निवडा.

पुढील अंकी डिस्कची निवड कशी करावी, ते पाहू.