फटक्याचे बळ खुब्यांत असते

भातकापणी उरकून मळे मोकळे झाले, की पेडणे महालात गावोगाव आणि डिचोलीच्या सड्यांवर टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट रंगू लागते, आणि ज्या मुलाला चेंडू दूर धाडता येतो त्याचे नाव वाड्यावाड्यांत पोहोचते. त्या खेळाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कडेला उभे राहून ‘हातांत जोर आण’ एवढाच उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांविषयी, कारण या उपदेशाने मुलांचे खांदे दुखतात आणि फटका मात्र सुधारत नाही.

चेंडू मारण्याच्या क्रियेचा सूक्ष्म विचार अमेरिकेतील बेसबॉलने जितका केला आहे तितका क्वचितच अन्य खेळाने केला असेल. त्याला कारणही तसेच आहे: चेंडू फेकणारा आणि मारणारा यांच्यातील अंतर 18.44 मीटर, चेंडूचा वेग अनेकदा ताशी 145 किलोमीटरच्या घरात, त्यामुळे निर्णय करून दांडू फिरवण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी अवकाश, आणि तो दांडूही गोल, सर्वांत जाड भागी जेमतेम 6.6 सेंटिमीटर. 1941 साली .406 ची सरासरी गाठणाऱ्या टेड विल्यम्सने ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या आपल्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादले ते हेच, की आधी खुबे फिरतात आणि हात त्यांच्यामागून येतात.

ही क्रिया जवळून पाहण्याजोगी आहे. पुढचे पाऊल हलकेच टेकते; त्याची टाच जमिनीवर ठाम बसताच मागच्या पायावरचा भार पुढे सरकतो, मागची टाच उचलली जाऊन गुडघा आत वळतो, खुबे चेंडूच्या दिशेस फिरू लागतात, आणि तरीही खांदे क्षणभर मागेच राहतात. धडात साठलेला हा पीळ सुटतो तेव्हा खांदे, दंड, मनगटे आणि सरतेशेवटी दांडू अशा क्रमाने वेग वाढत जातो. मस्तक मात्र स्थिर असते. हा क्रम उलटून खांदा आधी उघडला, की पायांचे सारे बळ वाया जाते. भाताची पेंढी फळीवर झोडणारा जाणता शेतकरी हेच करीत असे. केवळ दंडांच्या जोरावर तो दिवसभर टिकलाच नसता.

‘कंबर वळव’ ही सूचनाही पुरती खरी नव्हे. कमरेच्या पाच मणक्यांना वळण फार थोडे असते. खरे वळण खुब्याच्या सांध्यांत आणि छातीमागच्या मणक्यांत आहे, आणि ज्याचे खुबे आखडलेले असतात तो नेमका कमरेलाच पीळ देतो व दुखणे ओढवून घेतो. अर्थात बेसबॉलचा फटका क्रिकेटमध्ये जसाच्या तसा आणावा असे मी म्हणत नाही. पुलचा फटका त्याचा सख्खा भाऊ खरा, पण सरळ बॅटीने मारलेल्या ड्राइव्हमध्ये खांद्यांची गती निराळी असते. मात्र बळ जमिनीतून वर चढते, हे दोन्हीकडे सारखेच.

मडगावी जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात 642 धावा काढल्या, त्यांत किंग्स्टनच्या 212 होत्या. परंतु त्यांचे क्रिकेट घडले ते मुंबईत. पुढे 1985-86 पासून गोव्याचा संघ रणजी करंडकात उतरू लागला आणि पर्वरीस तालमीची सोयही झाली. तिचा लाभ आमच्या सीमेवरच्या शाळांपर्यंत झिरपावा, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

शिक्षण खात्याने शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताच्या उजळणीस देण्याचा प्रघात मोडून काढावा, आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना आधी खांद्यांवर आडवी काठी धरून खुबे फिरवण्याची, मग खुंटीवर ठेवलेल्या चेंडूला मारण्याची सवय लावावी. यास नवे मैदान लागत नाही की नवे अनुदान; मळे पाण्याखाली असतात त्या पावसाळ्यातही शाळेच्या पडवीत हा सराव बसवता येतो.