खिडकीतले दाणे, खार आणि चिकट पॅड : शेजाऱ्यांना जाहीर आवाहन

खिडकीत, गॅलरीत पक्ष्यांसाठी दाणे ठेवणाऱ्या सर्व शेजाऱ्यांनो,

गेल्या पंधरवड्यात आपल्या कॉलनीत एका खिडकीच्या कट्ट्यावर उंदरांसाठी मिळतो तसला चिकट पॅड ठेवलेला आढळला. ठेवणाऱ्यांचा वैताग समजण्यासारखा आहे. चिमण्यांसाठी टांगलेल्या फीडरमधले दाणे खार रोज फस्त करत होती, वर फीडरची प्लॅस्टिकची कडही तिने कुरतडून ठेवली होती. पण पॅडवर खार सापडलीच नाही. सापडली ती ठिपकेवाली मुनिया, एक पंख आणि दोन्ही पाय रुतलेली, आणि तिच्या शेजारी एक पाल. मुनियेचं वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. सुटायची धडपड केली तसतशी ती आणखी चिकटत गेली होती. तिला सोडवलं, पण ती वाचली नाही.

घर कोणाचं, हे इथे सांगायचं कारण नाही. तसलेच पॅड आणखी दोन-चार खिडक्यांत आहेत, कुणी ग्रिलला ग्रीस फासलं आहे, कुणी डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी टांगली आहे. म्हणून सगळ्यांनाच विनंती आहे की हे उपाय आजच्या आज काढून टाका. खारीपासून दाणे वाचवता येतात आणि त्यासाठी तिच्या केसालाही धक्का लावावा लागत नाही.

बाजारातले फीडर आपल्या खिडकीत का हरतात, ते आधी पाहू. ऑनलाइन मिळणारे बरेच नमुने मुळात अमेरिकेतल्या घरांसाठी आखलेले आहेत. तिकडे दाण्यांवर डल्ला मारते ती करडी खार, वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. तिला रोखायला दोन युक्त्या वापरतात. एक म्हणजे फीडरभोवती साधारण दीड इंची चौकोनांची जाळी, म्हणजे छोटे पक्षी आत आणि खार बाहेर. दुसरी म्हणजे स्प्रिंगवरचं झाकण. दांडीवर जड प्राणी बसला की दाण्यांची भोकं बंद होतात. आता आपली खार बघा. शंभर ग्रॅमच्या आगेमागे वजन, शेपूट सोडली तर लांबी वीतभरही नाही. त्या जाळीतून ती अंग चोरून आरामात आत शिरते. वजनाचं म्हणाल तर साळुंकीही तेवढीच भरते आणि पोपट थोडा जास्तच. स्प्रिंग खारीच्या मापाने लावली तर साळुंकी उपाशी, साळुंकीसाठी सैल सोडली तर खारीला रान मोकळं. तेव्हा खोक्यावर ‘स्क्विरल-प्रूफ’ लिहिलेलं पाहून जास्तीचे पैसे मोजू नका.

काचेला सक्शन कपने चिकटणारा फीडर त्यातल्या त्यात शहाणा. काचेवर खारीची नखं रुतत नाहीत. शिवाय काचेला अगदी लागून असलेला फीडर पक्ष्यांनाही बरा, कारण तिथून उडताना वेग धरायला जागाच नसते आणि काचेवर आपटून मरण्याचा धोका कमी होतो. खिडकीपासून दोन-चार मीटरवर टांगलेला फीडर त्या बाबतीत वाईट. पण तिकडच्या खिडक्यांना बाहेरून ग्रिल नसतं. आपल्याकडे असतं, तेही बऱ्याचदा पेटीसारखं पुढे आलेलं, आत कुंड्या आणि वाळत घातलेली पायपुसणी. फीडर काचेच्या मधोमध लावला तरी समोर हातभरावर ग्रिल तयारच असतं. त्यात खिडक्या सरकत्या. फीडर लावला की ती झडप सरकत नाही, आणि कुणीतरी जोर लावून सरकवली की फीडर दाण्यांसकट खाली.

म्हणून काही विकत घेण्याआधी एखाद्या सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसा आणि खार येते कुठून ते बघा. आमच्या इमारतीत ती गुलमोहरावरून इंटरनेटच्या केबलवर येते, केबलवरून एसीच्या बाहेरच्या युनिटवर. तिथे जरा थबकते, शेपटी झटकते, चिक् चिक् करून घेते. मग ग्रिलच्या आडव्या सळीवरून थेट फीडरच्या डोक्यावर. पुढचं खरोखर पाहण्यासारखं असतं. मागचे पाय घोट्यातून उलटे फिरवून ती नखं फीडरच्या दोरीत अडकवते आणि डोकं खाली करून लोंबकळते. पुढचे दोन्ही पाय मोकळे. शेंगदाणा त्यांत धरून, फिरवत फिरवत ती साल सोलते आणि साल खालच्या मजल्यावरच्या वाळवणात पडतं. खालच्या काकूंचा राग मग वरच्या घरावर निघतो, खारीवर नाही.

वाट कळली की निम्मं काम झालं. प्रत्येक खिडकीची वाट वेगळी असते. कुठे केबल, कुठे पावसाच्या पाण्याचा पाइप, कुठे कपड्यांची दोरी, कुठे नुसता खरबरीत गिलावा. लोंबणारी जुनी, बंद पडलेली केबल केबलवाल्याला सांगून काढून घ्या. खिडकीला टेकलेली फांदी मात्र स्वतः छाटू नका. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. सोसायटीतर्फे एकत्र अर्ज केलेला बरा, आणि त्या फांदीवर घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा.

ज्यांच्या गॅलरीत छताला हूक आहे, त्यांचं काम सोपं आहे. फीडर दोरीने न टांगता बारीक जीआय तारेने टांगा. तारेच्या मध्यावर घरातली जुनी अॅल्युमिनियमची परात, मधोमध भोक पाडून, उलटी अडकवा. भोक तारेपेक्षा थोडं मोठं ठेवा, म्हणजे परात डुलेल. तारेवरून उतरलेली खार परातीवर आली की परात कलते, खाली पकडायला काही नसतं, आणि ती आल्या वाटेने परत जाते. परात फीडरपेक्षा चांगली रुंद हवी. फीडरपासून रेलिंग, कुंडी, खुर्ची, कपड्यांचा स्टँड निदान दीड-दोन मीटर लांब असू द्या, नाहीतर ती वरून न येता बाजूने उडी मारेल. जमिनीत खांब रोवून फीडर ठेवायचा असेल, तर खांबाला ड्रेनेजच्या जाड पीव्हीसी पाइपचा दोन-तीन फुटी तुकडा सैल घालून तो वरून अडकवून ठेवा. गुळगुळीत आणि हलता पाइप तिच्या कवेत मावत नाही. आडव्या तारेवर फीडर असेल तर दोन्ही बाजूंना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओवा. पाय ठेवला की बाटली गरकन फिरते.

आणि ज्यांच्याकडे गॅलरी नाही, फक्त ग्रिलची खिडकी आहे, त्यांना स्पष्टच सांगतो. तिथे खारीला रोखणारा फीडर बसवणं जवळजवळ अशक्य आहे. दाणे बंद करा आणि पाणी ठेवा. मातीचा उथळ परळ, त्यात पक्ष्याला पाय टेकता येईल असा एखादा दगड. पाणी रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरायचं, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. उन्हाळ्यात पाण्यावर बुलबुल, दयाळ, साळुंकी, चिमण्या सगळे येतील. खारही येईल, पिऊन जाईल.

आता दाण्यांविषयी. आपण जे ठेवतो त्यातलं बरंचसं खारीसाठीच ठेवल्यासारखं असतं: शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, मका, बिस्किटं, फरसाण. यातलं फरसाण आणि बिस्किटं कुणालाच देऊ नका. मीठ, तेल, साखर पक्ष्यांच्या कामाची नाही. चिमण्या आणि मुनियांना बाजरी, राळे, वरी पुरते. खार बाजरीही खाते, पण शेंगदाण्यासाठी जी आडून बसते तशी बाजरीसाठी बसत नाही. अमेरिकेत खारींना फारशी आवडत नाही म्हणून फीडरमध्ये करडई भरतात. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याकडे ती शेतात पिकते, करून पाहायला हरकत नाही. पोपट तर ती आवडीने खातात. खरं महत्त्व प्रमाणाला आहे. सकाळी मूठभर दाणे ठेवावेत, अर्ध्या-पाऊण तासात संपतील एवढेच. अख्खा दिवस भरलेला फीडर म्हणजे खारीला आमंत्रण, आणि रात्री उरलेले दाणे म्हणजे उंदीर-घुशींना.

काहीजण दाण्यांना मिरचीपूड लावतात. यामागचं शास्त्र खरं आहे. तिखटातल्या कॅप्सायसिनची आग सस्तन प्राण्यांना जाणवते, पक्ष्यांच्या मज्जातंतूंमधला तोच संवेदक त्याला दाद देत नाही. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो ते काही उगीच नाही. पण कोरडी पूड वाऱ्याने उडते आणि डोळ्यांत जाते, खारीच्या, पक्ष्यांच्या आणि खालच्या गॅलरीत रांगणाऱ्या बाळाच्याही. तेव्हा हा प्रयोग उंच इमारतीत नको.

मूळ मुद्द्याकडे येऊ. ग्रीस, वंगण, व्हॅसलीन पिसांना लागलं तर पक्ष्याला ते साफ करता येत नाही. पिसं एकमेकांना चिकटतात, ऊब जाते आणि पावसात अंग भिजतं. डांबराच्या गोळ्या विषारी असतात आणि त्या आपण खायच्या दाण्यांशेजारी टांगतो. उंदराचं औषध खाल्लेली खार लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबून काही दिवसांत मरते, आणि तोवर ती मांजराच्या किंवा शिकारी पक्ष्याच्या तावडीत सापडली तर विष पुढे जातं. विष खाल्लेले उंदीर खाऊन गव्हाणी घुबडं मरतात ती अशीच. उंदरांचा फुकटात बंदोबस्त करणारा हा पक्षी आपणच मारायचा आणि मग पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे द्यायचे, हा कुठला हिशोब?

पिंजऱ्यात पकडून टेकडीवर सोडून येणं अनेकांना दयाळूपणाचं वाटतं. त्यात दया फार थोडी आहे. पकडलेली मादी असेल तर कुठेतरी, एसीच्या मागे किंवा माडाच्या झावळीत, तिची पिल्लं भुकेने मरतात. टेकडीवर आधीच्या खारींचं राज्य असतं, नवखीला ना बिळाची माहिती ना खाण्याची. आणि आपल्या झाडावरची जागा पंधरा दिवसांत दुसरी खार घेते, कारण दाणे तिथेच असतात. प्राण्यांना अशा यातना देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालीही येतं, हे जाता जाता.

एसीच्या खोबणीत कापूस, काथ्या, पायपुसण्याच्या दोऱ्यांचं घरटं दिसलं आणि आत पिल्लं असली, तर दोन-अडीच महिने कळ काढा. पिल्लं बाहेर पडली की ती फट जाळीने बुजवा. रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली ही गोष्ट लहानांना जरूर सांगा, पण महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन्ही खारी आहेत. आपल्या झाडावरची कोणती, ते मुलांना मोजायला लावा.

कबुतरांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण खारीला रोखण्याच्या नादात आपण कबुतरांना बोलावतो. दाणे ताटलीत पसरून ठेवले की खार एखादी येते, कबुतरं पन्नास येतात. त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा ताटली नको. नळीसारखा फीडर घ्या, दांड्या आखूड, चिमणीला बसता येईल आणि कबुतराला येणार नाही एवढ्याच. आणि आठवड्यातून एकदा फीडर साबणाने, गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली आणि पक्ष्यांनी गजबजलेले फीडर हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण ठरलं.

आपल्यापैकी बऱ्याचजणांनी पहिला फीडर चिमण्यांसाठी आणला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून साजरा करायला सुरुवात केली, तेव्हापासून ही हौस घरोघर पोचली, आणि ती चांगलीच आहे. पण चिमणीची पिल्लं दाण्यांवर वाढत नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. त्यासाठी कुंपणाकडेची दाट झुडपं दर महिन्याला सपाट कापणं आणि त्यांवर औषध फवारणं थांबवावं लागेल. मागच्या भिंतीलगत जागा रिकामी आहे. तिथे उंबर, शेवगा, पांगारा आणि दोन-चार जास्वंदी लावाव्यात, असा प्रस्ताव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. तिथे खारीलाही तिच्या हक्काचं खाणं मिळेल. झाडावर तिने काय खावं, यावर आपल्याला काही म्हणायचं नाही.

तूर्तास तीन गोष्टी करा. चिकट पॅड असतील तर उघडे कचऱ्यात टाकू नका, वर माती पसरून, घडी घालून, कागदात बांधून टाका. पॅडला एखादा जीव चिकटलेला दिसला तर ओढून काढू नका. उघडा भाग कागदाने झाका म्हणजे तो आणखी रुतणार नाही, त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि लगेच पशुवैद्य किंवा प्राणी बचाव पथकाला बोलवा. आणि पुढचा आठवडाभर सगळ्यांनी एकाच वेळी फीडर रिकामे ठेवा. एका घरी बंद आणि शेजारी चालू असेल तर खारीची सवय मोडत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही काहीजण प्रत्येक इमारतीत येऊन फीडरची जागा पाहू आणि परात किंवा पाइप बसवून देऊ. ड्रिल मशीन, पक्कड, शिडी आणि तार आमच्याकडे आहे. परात आणि पाइपचा तुकडा तुमचा.

आपले शेजारी