उपकरणास दोष देण्यापूर्वी

शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकास बिनतारी जाळ्याशी जोडण्यासाठी एखादे छोटे यूएसबी उपकरण लावावे, त्याने काहीच हालचाल करू नये, आणि ‘नादुरुस्त’ असा शेरा मारून ते कपाटात टाकले जावे, हा प्रकार लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांस नवा नाही. पुष्कळदा उपकरण निर्दोष असते. उणीव असते ती एका लहानशा फाइलीची.

संगणक चालू असतानाच उपकरण जोडण्याच्या सोयीस ‘हॉट-प्लग’ म्हणतात. जोडताच उपकरण आपला निर्माता व आपला प्रकार सांगणारे दोन क्रमांक कळविते. ते पाहून प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, योग्य तो ड्रायव्हर कामास लावतो. परंतु ड्रायव्हर चालतो तो संगणकात. खुद्द उपकरणातही एक लहान प्रोसेसर असतो आणि त्यासही आज्ञावली लागते. हीच फर्मवेअर. अनेक उपकरणांत ती कायमची कोरलेली नसते. वीज तुटताच ती पुसली जाते आणि दर जोडणीस संगणकाने ती नव्याने पुरवावी लागते.

ती फाइल न मिळाल्यास ड्रायव्हरचे काम तेथेच थांबते. मात्र कारण नोंदले जाते. व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली असता फाइलीचे नाव आणि ‘उणे 2’ हा दोषांक दिसतो. त्याचा अर्थ ‘अशी फाइल नाही’ एवढाच. त्या नावाची फाइल ज्या पॅकेजमध्ये असेल ते बसवावे, उपकरण काढून पुन्हा जोडावे आणि नोंद पुन्हा वाचावी.

मग फाइल आधीच का नसते? बहुतेक निर्माते फर्मवेअरचा मूळ कोड गुप्त ठेवतात. डेबियन या मुक्त प्रणालीने म्हणूनच अशा फाइली कित्येक वर्षे आपल्या अधिकृत संचाबाहेर ठेवल्या. तत्त्व आदरणीय होते, पण परिणाम विचित्र झाला. उपकरण चालण्यास फाइल हवी, आणि फाइल आणण्यास तेच उपकरण हवे! दोरच विहिरीत पडल्यावर पाणी कसे काढावे? अखेर 2022 साली सभासदांच्या मतदानाने धोरण बदलले, आणि 2023 मधील 12 व्या आवृत्तीपासून या फाइली अधिकृत संचातच मिळू लागल्या. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने हा प्रश्न आपल्या शाळांनाही परका नाही.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. गुप्त फर्मवेअरमधील दोष निर्मात्यावाचून कोणासही दुरुस्त करता येत नाही. याउलट एआर9271 या बिनतारी चिपच्या फर्मवेअरचा मूळ कोड 2013 साली खुला झाला, आणि निर्मात्याबाहेरील जाणकारांसही तो अभ्यासून सुधारता येऊ लागला. सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्या संस्थांनी किंमत विचारताना हेही विचारावे: या उपकरणाची फर्मवेअर सर्वांस वाटता येते काय? तिचा मूळ कोड खुला आहे काय?

आणि तोवर, कपाटातील ‘नादुरुस्त’ उपकरणे एकदा बाहेर काढून नोंद वाचून पाहावी.