शुद्ध प्रत आणि कच्ची प्रत

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात शिकवतो. परंतु आपला प्रबंध ज्या संगणकावर लिहिला जातो, त्यावरील आज्ञावलींची पाठचिकित्सा आपण करतो काय? लिनक्सच्या डेबियन वितरणात नवी आवृत्ती सामान्यतः प्रथम 'अनस्टेबल'मध्ये येते, काही दिवस गंभीर दोष न आढळल्यास 'टेस्टिंग'मध्ये जाते आणि दीर्घ पारखणीनंतरच 'स्टेबल' ठरते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. पहिल्या दोन शाखांत तो पोहोचला होता, 'स्टेबल'मध्ये नव्हे. स्वाक्षरी तपासूनही तो कळला नसता. प्रत कोणाकडून आली हे स्वाक्षरी सांगते, पाठ शुद्ध आहे हे नव्हे.

तरीही कच्च्या प्रतीला तुच्छ लेखणे मला मान्य नाही. आंद्रेस फ्रॉइंड यांना हा प्रक्षेप सापडला तो 'अनस्टेबल' वापरतानाच, लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून. म्हणून प्रबंधाच्या यंत्रावर 'स्टेबल'च असावे, शाखांची सरमिसळ नसावी. धाडस वेगळ्या यंत्रावर करावे. मात्र कोणीतरी कच्ची प्रत डोळसपणे वाचतो, म्हणूनच आपल्या हाती शुद्ध प्रत येते, याचे भान सुटू नये.