वाड्यांवरची नोटीस

वाईच्या घाटावर गेल्यास ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागली भिंत अवश्य पाहावी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे मंदिर बांधविले, तेव्हा कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून दोहों अंगांनी निघून जावा म्हणून ही भिंत मत्स्याकार निमुळती केली. आणि अडीचशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन ती अद्याप आपले काम चोख बजावीत आहे. देवाला भक्त असतात, म्हणून देवळाची डागडुजी होते. परंतु पेशवाईच्या त्याच भरभराटीत मधल्या आळीपासून गंगापुरीपर्यंत सरदार, सावकार, शास्त्री आणि कारकून यांचे जे वाडे उठले, त्यांना वाली उरलेला नाही. आणि एकेक वाडा जमीनदोस्त होऊन त्या जागी गाळे व सदनिका उभ्या राहतात, तेव्हा आपण बिल्डरला दोष देऊन मोकळे होतो.

बिल्डर येतो तो शेवटी. वाड्याची अखेर त्याच्या पुष्कळ आधी, कागदोपत्री सुरू झालेली असते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने, तो ज्या शहरांना लागू झाला तेथे, १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. महायुद्धोत्तर टंचाईत भाडेकरूच्या डोक्यावर छप्पर राहावे हा त्यामागील हेतू निःसंशय न्याय्य होता, पण ते छप्पर दुरुस्त कोणी करावयाचे, या प्रश्नाचे व्यवहारात टिकेल असे उत्तर त्यात नव्हते. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी. परंतु मूळ आकडाच इतका क्षुल्लक की वर्षभराच्या भाड्यातून कौले परतण्याची मजुरीही सुटू नये. इकडे मिळकतपत्रिकेवर वारसांची नावे वाढत जातात, हिस्सेदारांपैकी एक पुण्यात तर दुसरा परदेशात, आणि सामाईक मिळकतीवर स्वतःच्या खिशातला पैसा घालण्याची कोणालाच निकड वाटत नाही.

मग पन्हळ तुंबते. पाणी पांढऱ्या मातीच्या भिंतीत मुरते, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजते, वाळवी लागते, आणि एखाद्या आषाढात भिंतीला पोट सुटते. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ खाली ‘धोकादायक’ अशी नोटीस निघते. आणि येथेच खरी मेख आहे. स्थानिक प्राधिकरणाने पाडण्याचा हुकूम दिला असेल, तर भाडेकरूकडून कबजा मागण्यास १९९९ च्या भाडे कायद्यातील कलम १६ आधार देते. म्हणजे एरवी वर्षानुवर्षे दिवाणी दावा लढवूनही जो कबजा मिळेना, त्याची वाट वाडा पडका ठेवल्याने मोकळी होते. प्रत्येक मालक असा हिशेब करतो असे मी म्हणत नाही. पण वाडा सांभाळणाऱ्यापेक्षा तो कुजू देणाऱ्याच्या पदरात कायदा अधिक टाकतो, हे उघड आहे.

आता ‘धोका’ ठरवितो कोण? जुन्या वाड्यात तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई आणि तुळईवर कडीपाट अशी रचना असते. बव्हंशी भार हा लाकडी सांगाडा पेलतो, आणि मधली भिंत पुष्कळ ठिकाणी केवळ भरणाची असते. ती फुगली तर उतरवून पुन्हा रचता येते. कुजलेले टोक कापून नवा जोड देता येतो. सिमेंट-काँक्रीटच्या हिशेबात वाढलेल्या नजरेला मात्र प्रत्येक भेग म्हणजे मृत्यूचे फर्मान वाटते. खरोखर कोसळू घातलेले वाडेही असतात, आणि तेथे माणसाच्या जिवापुढे इतिहासाची मातबरी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

वारसा-नियमांचे काय, असे कोणी विचारील. मुंबईने १९९५ मध्ये ते केले, उर्वरित राज्यासाठीही २०२० च्या एकत्रित नियमावलीत तरतूद झाली, आणि इमारत राखणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्काचे, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्यास विकण्याचे, आमिष ठेवण्यात आले. मुंबईत त्या हक्काला सोन्याचा भाव. वाईसारख्या गावात तो विकत घेणार कोण? दुसरी वाट दिसते ती वाईजवळच्या मेणवलीस. तेथे नाना फडणविसांचा वाडा उभा आहे. नानांचे दप्तर पुण्यास डेक्कन कॉलेजात सुखरूप पोहोचले, पण वाडा काही रुमालात बांधून नेता येत नाही. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे बरेच चित्रीकरण मेणवलीतच झाले. वाड्याला अशी थोडीबहुत स्वकमाई असणे मला मुळीच हलके वाटत नाही. निरुपयोगी वास्तूचा अभिमान फार दिवस पुरत नाही.

तेव्हा नगरपरिषदेस विनंती एवढीच, की कलम १९५ ची नोटीस काढण्यापूर्वी लाकूड-मातीचे बांधकाम जाणणाऱ्याकडून पाहणी करवावी, पाडण्याआधी दुरुस्तीचा पर्याय लेखी द्यावा, आणि जो मालक वाडा नीट राखील त्याला घरपट्टीत भरघोस सूट द्यावी. आणि ज्या वाचकाच्या दिंडी दरवाजावर अशी नोटीस आज चिकटली असेल, त्याने मुदत संपण्याची वाट न पाहता दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज नगरपरिषदेत दाखल करून त्याची पोच घ्यावी.

— पौरजन