आधी ट्रायल, मग पार्ट

भोरच्या गॅरेजवाल्यांना सगळ्यात जास्त वैताग कोणत्या गाडीचा येत असेल, तर अधूनमधून वाजणाऱ्या गाडीचा. मालक सांगतो, ‘चेलाडी फाटा सोडला की स्टिअरिंग नुसतं थरथरतंय.’ मिस्त्री गाडी सुरू करतो, रेस देतो, आणि गाडी गपगार. मग अंदाजपंचे कारभार सुरू होतो. आधी इंजिन माउंटिंग, मग शॉकअब्सॉर्बर, मग लिंक रॉड. बिल फुगतं, थरथर होती तिथेच.

वेल्ह्याकडच्या गाडीत पहिला संशय चिखलावर घ्यावा. लावणीच्या दिवसांत शेताकडे गेलेल्या गाडीच्या रिमला आतून चिखल बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. गावच्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात त्याचा पत्ताही लागत नाही. पुणे-सातारा महामार्गावर काटा ऐंशीला टेकला, की स्टिअरिंग नाचू लागतं. बोलेरोचं २१५/७५ आर १५ मापाचं टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातं, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला दहा फेरे. रिमच्या एकाच बाजूला चिकटलेला मूठभर चिखलही मग सेकंदाला दहा दणके देतो. प्रेशरच्या पाण्याने रिम आतून धुतली तरी कित्येकदा भागतं. नाहीच भागलं तर व्हील बॅलन्सिंग. त्याआधी महागडा पार्ट बदलायला सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणावं.

जुन्या गाडीचा आवाज कुठून येतो हे शोधण्यात फार वेळ जातो, कारण पत्र्याच्या डब्यात आवाज भरकटतो. तो कधी येतो, ते लिहून ठेवलं तर निम्मं काम होतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगात गाडी क्षणभर न्यूट्रल करून पाहावी. थरथर चालूच राहिली, तर चाकं, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट तपासायचा. थांबली, तर इंजिन, माउंटिंग किंवा ओढ बसल्यावरच बोलणारा एखादा जॉइंट. हा प्रयोग वरंध घाटाच्या उतारावर मात्र कुणी करू नये. गिअर सुटला की इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर डिस्क पाहायची. गाडी उचलताना खालून ‘टक’ वाजलं, तर शाफ्टचा क्रॉस. सकाळी खडखडणारी आणि दहा किलोमीटरनंतर शांत होणारी गाडी बहुधा सायलेन्सरवरच्या सैल पत्र्याची असते. पत्रा तापून फुगला की जागेवर घट्ट बसतो.

वडापच्या जीपवाल्यांना आणखी एक खूण ठाऊक असते. भरलेली जीप मुकाट्याने जाते, रिकामी परतताना मागून खणखणते. पाट्यांचे बुश झिजलेले असतात. माणसांच्या वजनाने ते दाबून बसतात आणि जीप हलकी झाली की पाटे मोकळे होऊन वाजतात. गॅरेजच्या दारात रिकाम्या उभ्या जीपमध्ये हे कळणार कसं?

मिस्त्रीने शेजारी बसून ट्रायल मारलीच पाहिजे, ती म्हणूनच. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते पार्टचे आणि तो बसवण्याच्या मजुरीचे. कापूरहोळपर्यंत जाऊन-येऊन, कान देऊन दोष हुडकून काढला तर ‘नुसतं बघितलं, त्याचे काय पैसे?’ असं ऐकावं लागतं. मग मिस्त्री पार्ट विकतो, यात नवल कसलं! दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवून दिली, तर दोघांचंही भलं होईल. चार चुकीच्या पार्टांपेक्षा तासाभराची मजुरी केव्हाही स्वस्त.

काही आवाजांना मात्र ट्रायलचीही सवड देऊ नये. स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ आणि खड्ड्यात पुढून ‘खट्’ असं दोन्ही एकदम सुरू झालं, तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड जॅकवर चाक हलवून त्याच दिवशी तपासावेत, आणि तोवर गाडी घाटात घालू नये.