खानदेशात कपाट घरीच बांधलेलं बरं

जळगाव असो की धुळे, नवं घर झालं की बेडरूमच्या कपाटाचा प्रश्न हल्ली शोरूममध्येच सुटतो. कॅटलॉगमधला रंग पसंत करायचा, बयाणा द्यायचा. ठरल्या दिवशी टेम्पोतून सुटे भाग येतात आणि दोन माणसं कपाट उभं करून जातात. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण गिऱ्हाईक ज्याचे पैसे मोजतं, ते सनमायक्याखालचं लाकूड त्याला कधी दिसतच नाही. कमी किमतीच्या तयार कपाटात ते बहुधा पार्टिकल बोर्ड नाहीतर एमडीएफ असतं. म्हणून निदान खानदेशात तरी कपाट घरीच बांधावं, जमेल तेवढं स्वतः आणि उरलेलं सुताराला हाताशी घेऊन, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘निदान खानदेशात’ म्हणण्याला कारण इथली हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि त्याच दिवसांत बेडरूमच्या खिडकीत पाण्याचा कूलर रात्रभर घरघरत असतो. दारं-खिडक्या लोटलेल्या खोलीत ती ओलसर हवा कपाटामागे कोंडते, दिवसा सगळं पुन्हा वाळतं आणि जूनमध्ये पावसाळा सुरू होतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला तक्ता. त्याच्या उघड्या कडेतून ओल शिरली की तो फुगतो आणि वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा ढिला पडला की त्याच भोकात कितीही पिळा, तो पकड घेत नाही आणि दार लोंबायला लागतं. प्लायवुडचे पातळ थर एकमेकांवर उभे-आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते या ओढाताणीत आकार बऱ्यापैकी धरून राहतं. दुसरी गोष्ट फॉर्मल्डिहाइडची. असे बहुतेक तक्ते ज्या रेझिनने जोडतात त्यातून हा वायू हळूहळू सुटत राहतो आणि उष्णता वाढली की जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. कपाट आणलं की आजार आला, असा त्याचा अर्थ नाही. पण झोपायच्या बंद खोलीत काय ठेवतो, हे माहीत असायला हवं.

घरी बांधायचं ठरवलं की ही निवड आपल्या हातात येते. साध्या प्लायवुडचं मानक आयएस ३०३. त्यातली बीडब्ल्यूआर प्रत बेडरूमला पुरते. आयएस ७१० चं मरीन प्लाय ७२ तासांच्या उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावं लागतं; ते स्वयंपाकघरासाठी ठेवा, बेडरूममध्ये तो खर्च फुकट जातो. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. मापंही शीटकडे बघून ठरवावीत. शीट ८ बाय ४ फुटांची. तिचे उभे दोन भाग केले की २-२ फुटांच्या पट्ट्या निघतात, पण करवतीचं पातं दोन-तीन मिलिमीटर खातं. म्हणून कपाटाची खोली २४ नव्हे, पावणेचोवीस इंच धरावी. हँगरला तेवढी पुरते. ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच कपाटाला मधला पडदा, पाच कप्पे आणि दारं धरून १८ मिलिमीटरच्या साधारण पाच शीट लागतात, पाठीला ६ मिलिमीटरचं प्लाय वेगळं. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की कोटेशनमधला ‘प्रति चौरस फूट’ दर कुठे फुगवलाय ते कळतं. कापणी दुकानातल्या मशीनवर करून घ्या. घरी उरतं ते जोडणं, आणि त्याला ड्रिल, गुण्या आणि धीर एवढं बस्स.

यावर पहिला आक्षेप सफाईचा, आणि तो रास्त आहे. कारखान्यातल्या मशीनने लावलेल्या कडपट्टीची सर घरच्या फेविकॉलला येत नाही. म्हणून दारं आणि सनमायका सुताराकडे सोपवा, सांगाडा आणि कप्पे आपण करा. चुकलं तरी ते आत झाकलं जातं. तयार मालाला वॉरंटी असते, असंही म्हणतात. ती ओलीने फुगण्याला लागू आहे का, एवढं लेखी विचारून बघा. मग लोखंडी कपाट काय वाईट? काहीच नाही, फक्त ते आपल्या भिंतीच्या मापाचं मिळत नाही. घराचं बांधकाम अजून चालू असेल तर याहून सोपा मार्ग आहे: भिंतीतच कडाप्प्याचे कप्पे सोडायचे. आपल्याकडच्या जुन्या घरांतली फडताळं याच जातीची. आज त्यांना कुणी ‘डिझायनर’ म्हणणार नाही, पण दगड फुगत नाही आणि वाळवी खात नाही.

राहिला सुताराच्या पोटाचा प्रश्न. त्याचं काम हौशी घरमालक काढून घेत नाही, दूरच्या कारखान्यातून येणारी खोकी घेतात. घरी बांधलेल्या कपाटाची मजुरी निदान गावात राहते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. पण अवजारं मिळून काम मिळालं नाही तर ती पेटीतच राहणार. सुतारकाम आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आहेच. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय आयटीआयने रविवारी घरमालकांसाठी फी घेऊन एक छोटा वर्ग सुरू करावा आणि तो शिकवायला गावातल्याच मिस्त्रींना मानधनावर बोलवावं.